शिवगंगाबाईंच्या पिशवीची गोष्ट

उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमाराला कुणी नवखा माणूस शिरला, तर त्याला वाटतं, इथं कुणीतरी टाळ्या वाजवतंय. एकदा एक पाहुणा भजन चाललंय असं समजून चपला काढून आत आला होता. त्या टाळ्या नसतात. शिवगंगाबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच बायका ज्वारीच्या भाकऱ्या थापत असतात. पापडासारखी पातळ भाकरी, वर तीळ, तव्यावरून काढली की चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. कडक भाकरी. महिनाभर टिकते, पुण्याला जाते, हैदराबादला जाते. पाचपैकी चौघी कामाला येणाऱ्या, पाचव्या शिवगंगाबाई स्वतः. मालकीण म्हणून खुर्चीवर बसणं त्यांना कधी जमलंच नाही. बसल्या की दोन मिनिटांत म्हणणार, “सर ग, ती कड जाड राहिली,” आणि परात ओढून घेणार.

त्या मूळच्या निलंग्याच्या. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना आडत दुकानदार संगप्पांशी लग्न झालं. तेव्हा त्या इतक्या बारीक होत्या की सासूबाई म्हणाल्या होत्या, “वारं सुटलं तर पोरगी निलंग्याला परत जाईल.” दोन बाळंतपणं झाली, चाळिशी आली, भाकरीचं काम वाढलं, बसून खाणं आणि बसून थापणं वाढलं. सत्तावन्नाव्या वर्षी पाच फूट उंचीच्या शिवगंगाबाईंचं वजन ब्याण्णव किलो होतं. साखरेची एक गोळी, बीपीची एक गोळी. वजनाबद्दल कुणी टोकलं तर त्या खळखळून हसायच्या. “हे अंग फुकट न्हाई आलं. तीस वर्षं लागली मला.”

तर अशा ह्या शिवगंगाबाईंना मागच्या दसऱ्याच्या आसपास कपड्यावर लाल डाग दिसला.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिल्यांदा त्या दचकल्या. आणि मग, हे त्यांनी पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं, त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि केस मागे सारून बघितले. म्हणजे अजून आपण म्हाताऱ्या झालो नाही तर! दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कारण शोधून ठेवलं. उष्णता. दिवसभर चुलीच्या धगीपुढे बसल्यावर दुसरं काय होणार? सब्जा भिजवून प्यायल्या, धने-जिऱ्याचं पाणी प्यायल्या. आठ दिवस डाग गेला. पुन्हा आला. दिवाळीत गेला. पुन्हा आला. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

आणि कुणाला कळलंही नाही. ह्याला त्यांच्या घरची एक रीत कारण होती, जिचा त्यांना फार अभिमान होता. लिंगायताच्या घरी गळ्यात इष्टलिंग असतं, आणि ज्या अंगावर लिंग आहे त्या अंगाला विटाळ नाही, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे ह्या घरात कधी कुठली बाई चार दिवस बाजूला बसली नाही. पाळी असो नसो, सकाळी कपाळाला भस्म लावायचं, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची आणि स्वयंपाकाला लागायचं. चांगलीच रीत. पण तिच्यामुळे कुणाची तारीख कधी येते, कधी जाते, हे ह्या घरात कुणीच मोजत नव्हतं. सासू सुनेची नाही, सून सासूची नाही. शिवगंगाबाईंची तर त्यांनी स्वतःही नाही.

मग आली वेळा अमावस्या. लातूरकडच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि गाव सगळं शेतात जातं. संगप्पांच्या चार एकरांत कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड, त्यांना पांडव म्हणायचं. मडक्यात आंबील, पातेल्यात शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. शेडमधल्या बायकाही लेकरंबाळं घेऊन आल्या होत्या. जेवणं झाली. शिवगंगाबाई मोतिया रंगाचं इरकल नेसून सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांना उठवायला नेहमीप्रमाणे दोघी लागल्या. एका बाजूला सून स्वप्नाली, दुसऱ्या बाजूला केवळाबाई.

केवळाबाई म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी बाई. साठी ओलांडलेली, हरभऱ्याच्या काडीसारखी वाळकी, आणि जीभ अशी की भाकरीसुद्धा घाबरून फुगावी. त्यांनी शिवगंगाबाईंना उठवलं, मागून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “अक्का, खाली बसा.”

“आता तर उठवलाव की मला! घाम निघालाय तुमचा.”

“बसा म्हणते न्हवं.”

केवळाबाईंनी आपल्या खांद्यावरची शाल काढली, शिवगंगाबाईंच्या कमरेला गुंडाळली आणि हाताला धरून विहिरीमागे घेऊन गेल्या. स्वप्नाली मागोमाग धावली.

“कधीपासून हाय हे?”

“दसऱ्यापासून. उष्णता हाय हो. धगीपुढं बसून बसून...”

“मी बी तिथंच बसते, अक्का. माझी जाऊन बारा वर्षं झाली. ती काय धग बघून परत आली न्हाई.”

स्वप्नालीला तशातही हसू फुटलं. पण चेहरा उतरला होता. ती नांदेडची, डी.फार्मसी झालेली, लग्नानंतर नवऱ्याचं ऐकून सासूला ‘अव्वा’ म्हणायला लागली ती कायमची. तिनं बोटांवर महिने मोजले. “अव्वा, तीन महिने?”

“आमच्या घरी असतं तर पहिल्याच दिशी कळलं असतं,” केवळाबाई म्हणाल्या. “बाजूला बसाया लागलं असतं. सून म्हणली असती, ह्या म्हातारीला आता कसलं बाजूला बसणं आलं?”

शिवगंगाबाई भडकल्या. “म्हंजे बायकांना कोपऱ्यात बसवायची रीत चांगली म्हणताव का तुम्ही?”

“चांगली कसली? जळो ती. माझी हाडं गोठली हिवाळ्यात बाहेर झोपून. पर तुमच्यात कुणी बघतच न्हाई, हे बी खरंच हाय की.”

तेवढ्यात स्वप्नालीनं हळूच विचारलं, “अव्वा, आपण विटाळ मानत नाही ना?”

“न्हाई.”

“मग लाज कशाची वाटली? मला का नाही सांगितलं?”

कोपीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. शिवगंगाबाई सुनेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “खरंच की ग. कशाची लाज वाटली?”

तिसऱ्या दिवशी त्या लातूरला डॉक्टर उज्वला यांच्यासमोर बसल्या होत्या. बरोबर स्वप्नाली आणि संगप्पा. सोनोग्राफी झाली. पाळी गेलेल्या बाईच्या गर्भपिशवीचं आतलं अस्तर चार मिलिमीटरच्या आत असावं लागतं. शिवगंगाबाईंचं सोळा होतं. डॉक्टरांनी तिथंच पिशवीच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. चिमटा बसल्यासारखं दुखलं, पण एवढंच.

“पाळी गेल्यानंतर एक थेंब रक्त गेलं तरी यायचं असतं, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. “दहातल्या नऊ जणींचं काही विशेष निघत नाही. पण ती दहावी कोण, हे घरी बसून कळत नाही.”

आठ दिवसांनी कळलं. ती दहावी शिवगंगाबाईच होत्या.

पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर. हा शब्द खोलीत पडल्यावर संगप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चाळीस वर्षं ज्वारी-तुरीच्या सौद्यात घासाघीस केलेला माणूस, पण त्यांच्या तोंडून एकच निघालं, “हिनं तर कधी तंबाखूचं बोटसुद्धा लावलं न्हाई, बाई. हिला कशानं?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बऱ्याच गोष्टींनी होतो. बारीक बायकांनाही होतो. पण ह्या कॅन्सरचं आणि चरबीचं नातं फार जवळचं आहे. पाळी गेली की अंडाशय स्त्रीचं हार्मोन बनवायचं थांबवतात. पण अंगातली चरबी थांबत नाही. शरीरात दुसरीकडे बनलेला कच्चा माल ती घेते आणि त्याचं तेच हार्मोन, इस्ट्रोजन, बनवत राहते. जेवढी चरबी जास्त, तेवढं ते जास्त. त्यानं पिशवीचं अस्तर वाढत राहतं. पाळी चालू असते तेव्हा दुसरं एक हार्मोन असतं, ते अस्तराला म्हणतं, बास आता. पाळी गेल्यावर ते बास म्हणणारं उरत नाही. अस्तर वाढतच जातं, आणि वाढता वाढता एखादी पेशी बिघडते. वजनानं रक्तातलं इन्सुलिनही चढतं, तेसुद्धा वाढीलाच हात देतं.”

संगप्पा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे आमाला वाटलं होतं, चरबी म्हणजे गोदामात पडून असलेली पोती. जागा खाती, बाकी काय न्हाई. तुम्ही म्हणून राहिलात, ती चालू दालमिल हाय.”

“अगदी बरोबर, काका. रात्रंदिवस चालणारी.”

“आन कामगारांना सुट्टी न्हाई!” शिवगंगाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसल्या. मग हसणं मध्येच थांबलं. “डॉक्टरीणबाई, एकच सांगा. हे पसरलंय का?”

“हा जातीनं सावकाश वाढणारा दिसतोय. एमआरआय करू, अंदाज येईल. पण पक्कं आत्ता सांगता येणार नाही. पिशवी, नळ्या, अंडाशय, बाजूच्या लसीकाग्रंथींच्या एक-दोन गाठी, सगळं काढून तपासायचं. तो अस्तरात आणि पिशवीच्या भिंतीत थोडासाच असेल, तर ऑपरेशनवर बहुतेक भागतं. भिंत पार करून बाहेर गेला असेल, तर पुढचे उपचार लांबतात.”

भिंतीच्या आत की बाहेर. त्या दिवसापासून घरात, शेडमध्ये, आडत दुकानात, सगळीकडे हा एकच प्रश्न होता. एमआरआय बरा आला, पण डॉक्टरांनी कुणाला पेढे वाटू दिले नाहीत.

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं. त्यात डोकं खाली आणि पाय वर करून झोपवतात. ब्याण्णव किलोच्या बाईच्या छातीवर सगळा भार येतो. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं काम दिलं. साखर आटोक्यात, रोज चालणं, आणि एक प्लास्टिकचं यंत्र, ज्याच्या नळीतून श्वास आत ओढायचा आणि तीन रंगीत गोळ्या वर उचलायच्या.

आणि इथून ह्या गोष्टीला जी मजा आली ती काय सांगावी! शिवगंगाबाईंनी ते यंत्र शेडमध्येच आणून ठेवलं. पहिल्या दिवशी एक गोळी उचलली गेली. बायकांनी भाकऱ्या थापायच्या सोडून खऱ्याच टाळ्या वाजवल्या. संगप्पा म्हणाले, “एवढंसं काय अवघड हाय, आन इकडं.” नळी धुऊन त्यांनी जोर लावला. दोन गोळ्या वर, तिसरी जागची हलेना. तोंड लालबुंद झालं. केवळाबाई म्हणाल्या, “अण्णा, पुरे आता. अक्काच्या आधी तुमचंच ऑपरेशन करावं लागंल.”

सकाळी सहाला शिवगंगाबाई स्वप्नालीबरोबर किल्ल्याच्या रस्त्यानं चालायला निघू लागल्या. पहिल्या दिवशी पाचशे पावलांवर बसल्या. “अव्वा, अजून थोडं.” “तू नांदेडची, तुला गोदाकाठी हिंडायची सवय. मी भाकरीवाली.” दहाव्या दिवशी किल्ल्याची वेस आली. पंधराव्या दिवशी वेशीतून आत गेल्या, दगडावर हात टेकवला आणि एवढ्या मोठ्यानं “आले ग बाई!” म्हणून ओरडल्या की बुरुजावरची कबुतरं उडाली. त्याच संध्याकाळी त्यांनी तिन्ही गोळ्या उचलल्या. वजन चारच किलो उतरलं होतं. “चार किलोनं दालमिल बंद पडत न्हाई,” त्या म्हणाल्या, “पर एक शटर तरी खाली आलं.”

ऑपरेशनच्या दिवशी मात्र दारातच अडलं. सिस्टर म्हणाली, “अंगावरचं सगळं काढा. बांगड्या, मंगळसूत्र, गळ्यातलं ते चांदीचं पण.”

ते चांदीचं म्हणजे इष्टलिंगाची करडी, लिंग ठेवायची डबी. सात वर्षांची असताना गळ्यात बांधलेलं लिंग शिवगंगाबाईंनी पन्नास वर्षांत एकदाही अंगावेगळं केलं नव्हतं. हसती-खेळती बाई एका क्षणात घट्ट झाली. “मग ऱ्हाऊ द्या ऑपरेशन.”

स्वप्नाली रडवेली झाली, संगप्पा सिस्टरला समजावू लागले. गलका ऐकून डॉक्टर उज्वला हिरव्या कपड्यांतच बाहेर आल्या. त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी दोन वाक्यं बोलून घेतली आणि विचारलं, “मावशी, चांदी काढायची. आतलं लिंग अंगाला लागून राहिलं म्हणजे झालं ना?”

“हाव.”

लिंग एका स्वच्छ पारदर्शक पिशवीत घातलं, उजव्या मनगटावर ठेवलं आणि चिकटपट्टीनं घट्ट बांधलं. करडी सुनेच्या हातात गेली. शिवगंगाबाईंनी मनगट हलवून बघितलं, पडत नाही ह्याची खात्री केली आणि म्हणाल्या, “चला, कुठं झोपायचंय?”

अडीच तास लागले. तिसऱ्या दिवशी त्या चालत होत्या, पाचव्या दिवशी घरी होत्या. पण खरं काम पुढेच होतं. काढलेली पिशवी तपासायला गेली होती आणि अहवालाला दहा दिवस लागणार होते. भिंतीच्या आत की बाहेर.

ते दहा दिवस शेडमध्ये कुणी जोरात बोललं नाही. शिवगंगाबाईंना थापायला बंदी होती, त्या खुर्चीवर बसून नुसत्या बघायच्या. आणि कमाल म्हणजे कुणाची कड जाड राहिली तरी बोलायच्या नाहीत. केवळाबाईंनी दोनदा मुद्दाम जाड कड ठेवून बघितली. काही नाही. तेव्हा त्या घाबरल्या.

अहवालाच्या दिवशी संगप्पा गाडी करत होते. शिवगंगाबाई म्हणाल्या, एस.टी.नं जाऊ, डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलंय. दवाखान्यात त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “आत का बाहेर?”

डॉक्टर उज्वलांनी चष्मा लावला, मधला परिच्छेद बोटानं शोधला आणि हसल्या. “आत. भिंतीच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. गाठी साफ, अंडाशय साफ. पुढे लाइट, म्हणजे रेडिएशन नको, केमो नको. दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं आणि वजनावर काम चालू ठेवायचं. साखरेसाठी, हृदयासाठी. पिशवी गेली म्हणून चरबीनं काम थांबवलेलं नाही.”

संगप्पा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. “आयत्तु,” ते कानडीत म्हणाले, सौदा पटल्यावर म्हणतात तसं, आणि टोपीनं डोळे पुसले. शिवगंगाबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही गाल हातात धरले आणि कडाकडा बोटं मोडली. भाकरी थापणारे हात ते. सिस्टर आत डोकावून गेली.

उदगीरच्या एस.टी.त बसेपर्यंत त्यांनी दम धरला. गाडी लातूरच्या बाहेर पडली आणि त्यांनी फोन लावला. शेडमध्ये केवळाबाईंनी उचलला.

“आत की बाहेर, तेवढं सांगा आधी,” पलीकडून आवाज.

“आत! केवळाबाई, आत! भिंत वलांडलीच न्हाई मेल्यानं!”

फोनमधून जो कल्ला झाला तो पुढच्या तीन सीटांवरच्या लोकांनी ऐकला. त्यातून केवळाबाईंचा आवाज आला, “पोरींनो, आता कडा नीट थापा ग, म्हातारी परत येऊन राहिली!”

“म्हातारी कुणाला म्हणताव? आन ऐका, पाळी गेलेल्या सगळ्याजणींना विचारून ठेवा, कुणाला डाग बिग पडतो का. उष्णता म्हणून कुणी सब्जा प्याली तर माझ्याशी गाठ हाय. पिशवीचं अस्तर सोळा मिलिमीटर झालं होतं माझं, सोळा!”

“अगं, हळू,” संगप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले. “सगळी गाडी ऐकून राहिली.”

“ऐकू द्या की.”

गाडी सगळीच ऐकत होती. कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र हातात धरून मान वळवली होती. एक म्हातारा “चांगलं झालं माय” म्हणाला. शिवगंगाबाईंनी त्यालाही अस्तराची गोष्ट सांगायला घेतली, पण संगप्पांनी हात दाबला.

नळेगाव आलं. माणसं उतरली. पुढच्या सीटवर एक पन्नाशीची बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती; लातूरपासून तिनं एकदाही मागे बघितलं नव्हतं. तिचं गाव हेच असावं, कारण ती उठली, दारापर्यंत गेली, आणि थांबली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, उतरायचं न्हवं का?” ती बाई परत मागे आली. शिवगंगाबाईंच्या सीटजवळ येऊन दांडा धरून उभी राहिली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, तो दवाखाना लातूरात कुठं हाय?”

शिवगंगाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“अहो, उठा. मागं बसा तुम्ही.”

संगप्पा टोपी सावरत मागे गेले. कंडक्टरनं डबल घंटी दिली. ती बाई सीटच्या अगदी कडेला टेकली. शिवगंगाबाई तिच्यासाठी खिडकीकडे सरकल्या, आणि लातूर सोडल्यापासून पहिल्यांदाच आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

“कधीपासून?”